न विसरणारा देव आणि लक्ष्मीबाई टिळक

आमच्या हातकणंगले तालुक्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत टाळमृदंगावर जी पदे व अभंग गायिले जातात, त्यांपैकी पुष्कळ कै. नारायण वामन टिळक यांचे आहेत. ज्यांस अक्षरओळख नाही अशा आमच्या वृद्ध भगिनींसही ते मुखोद्गत आहेत. परंतु हे कोणी रचिले असे विचारिले असता बहुतेकांस उत्तर देता येत नाही. आणि टिळकांचे नाव ज्यांस ठाऊक आहे, त्यांसही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांजविषयी फारसे काही सांगता येत नाही. याचा दोष आम्ही मंडळीस देत नाही. तो आमचा, म्हणजे पाळकांचा व उपदेशकांचा आहे. तो आमच्या ध्यानात कसा आला, हे सांगूनच या चरित्रास आरंभ करणे आम्हांस उचित वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एका वृद्ध बाईंनी आम्हांस निरोप पाठविला होता की, गुडघे धरल्यामुळे आपल्याच्याने उपासनेस येववत नाही, तरी पाळकांनी एकदा घरी येऊन प्रभुभोजन द्यावे. येत्या रविवारी येतो असे आम्ही कळविले आणि विसरलो. एक लग्न होते, एक सभा होती, एके दिवशी पावसाने वाट बंद झाली. निमित्तांस काय तोटा? तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी उसाच्या फडांमधल्या त्या वाटेने जात असता त्यांचे दार दृष्टीस पडले आणि आमचे पाय जागच्या जागी थबकले.

या बाईंनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हा माहेरच्यांनी त्यांचे नाव टाकिले. भावाने दार लाविले ते लाविलेच. आईच्या शेवटच्या दुखण्यातही त्यांस उंबरठा ओलांडू दिला नाही. ज्यांस सख्ख्यांनी विसरून टाकिले होते, त्यांस त्यांचा पाळकही विसरला! त्यांनी आम्हांस एका शब्दानेही बोल लाविला नाही. दर रविवारी सकाळी अंगण सारवून, धुतलेले लुगडे नेसून त्या दारात बसत, इतके मात्र शेजारच्या मुलीने आम्हांस सांगितले. प्रभुभोजन झाल्यावर त्यांनी टिळकांचे एक पद म्हटले आणि मग विचारिले की, ज्याने हे केले त्यास बायकापोरे होती काय, आणि तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांचे काय झाले? आम्ही जे चार शब्द सांगितले ते फार अपुरे होते, हे आमचे आम्हांसच कळले. घरी येऊन, धर्मशिक्षणाच्या काळात एकदा वाचून ठेवून दिलेले लक्ष्मीबाईंचे पुस्तक आम्ही पुन्हा उघडिले. पुढील वृत्तांत हे त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावी गोखले यांच्या घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडात त्यांच्या आजोळच्या आजोबांस सरकारने फाशी दिले. या गोष्टीचा धक्का त्यांच्या वडिलांच्या मनास असा बसला की, त्यांस सोवळ्याओवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आलेला कोणताही जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे, आणि पाण्याने ज्यांचा नाश होतो अशा वस्तूही या धुण्यातून सुटत नसत. मुलांनी कशास शिवावे, कोठे उभे राहावे, कोणाची सावली चुकवावी, या धाकात सारे घर दिवस काढीत असे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे वाडवडील त्या अंतराच्या पलीकडच्या टोकास उभे राहत आले. विटाळाची भीती ज्यांच्यापासून बाळगली जाई त्यांस ती कशी बोचते, हे त्यांस कोणी सांगावयास नको. पण जो भीती बाळगतो त्याच्या घरातही सुख नसते, हे लक्ष्मीबाईंच्या बालपणावरून चांगले दिसते.

सुमारे १८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झालेला. आईच्या मृत्यूनंतर ते घरातून निघून नाशिकास आले होते आणि पदरी विद्या व कविता यांवाचून दुसरे काही नव्हते. लग्नात मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. जुने नाव पुसून नवे ठेवण्याची ही चाल आमच्या देशात इतकी अंगवळणी पडली आहे की, त्या मुलीस त्या दिवशी काय वाटत असेल याचा विचार कोणी करीत नाही.

टिळकांविषयी आम्हांस अतोनात आदर आहे. तथापि ज्याचा आदर करावयाचा त्याचे दोष झाकावयाचे, ही रीत पवित्र शास्त्राची नव्हे. दाविदाचे दोष त्यात लिहून ठेविले आहेत आणि पेत्राचेही. टिळक फार मोठ्या मनाचे व फार विसराळू गृहस्थ होते. डोक्यात एखादा विचार अथवा कविता आली की घरदार, बायको, पैसा, वेळ यांची त्यांस शुद्ध राहत नसे. हातात आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजवंतास देऊन रिकाम्या हाताने घरी यावे, हा नित्याचा प्रकार. सत्याच्या शोधात न सांगता उठून चालू लागावे, आणि मागे पत्नीने सासरी अथवा माहेरी, कोणाच्या तरी आश्रयास राहून वाट पाहावी, असेही कितीदा झाले. घर मांडावे, मोडावे; नाशिक, मुरबाड, नागपूर असे गाव बदलावे; इतक्यात पोटी आलेली पहिली अपत्ये लहानपणीच देवाघरी गेली. १८९१ साली देवदत्त जन्मला तो जगला. त्यास घरात दत्तू म्हणत.

येथे आम्हांस उत्पत्तीच्या पुस्तकातील त्या प्यालेबरदारांच्या नायकाची आठवण होते. योसेफाने तुरुंगात त्याचे दुःख हलके केले, त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि बदल्यात एवढेच मागितले की, सुटल्यावर फारोजवळ माझी आठवण काढ. तो सुटला, पूर्ववत फारोच्या हाती प्याला देऊ लागला आणि योसेफास विसरला. तो दुष्ट होता असे शास्त्र म्हणत नाही. त्याने योसेफाचे वाईट चिंतिले नव्हते. त्यास सुख झाले, काम लागले, आणि तो विसरला, इतकेच. परंतु त्याच्या त्या इतक्याचसाठी योसेफाने आणखी दोन वर्षे अंधारात काढिली. टिळकांचे विसरणे याच जातीचे होते. आणि आमचे तीन रविवारही याच जातीचे होते. मनात द्वेष नसताना जो घाव घातला जातो, तो घालणाऱ्यास दिसत नाही, म्हणून तो विशेष खोल जातो.

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी आगगाडीने जात होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी होते. त्यांचे टिळकांशी काव्यावर व धर्मावर बोलणे झाले. टिळकांच्या सौजन्याने वॉर्डसाहेबांचे मन वेधले, आणि निरोप घेताना त्यांनी टिळकांस नवा करार दिला व हा मनुष्य दोन वर्षांत ख्रिस्ती होईल असे भाकीत केले. टिळकांस हसू आले असावे. पण त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर ते खाली ठेवणे त्यांस अशक्य झाले. अनेक वर्षे जे प्रश्न घेऊन ते रानोमाळ हिंडले होते, त्यांची उत्तरे त्या तीन अध्यायांत त्यांस सापडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हा दिवस महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी आनंदाने सांगत आली आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच दिवसाची दुसरी बाजू आमच्या उपदेशांत क्वचितच येते. पत्नीच्या संमतीवाचून टिळकांनी हे पाऊल टाकिले. लक्ष्मीबाई अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. पदरी चौथ्या वर्षात असलेला मुलगा. शाळा कधी पाहिलेली नाही. आणि पतीने बोलावलेले घर कोणते, तर ज्याच्या पाण्यासही आपण शिवू नये असे त्यांस जन्मापासून शिकविलेले. शोकाने त्या वेड्यापिश्या झाल्या. जीवाचे बरेवाईट करतील या भयाने जवळच्या माणसांनी त्यांस डोळ्यांआड होऊ दिले नाही. पतीने सत्याचा मार्ग धरिला, त्याने धरावा. परंतु सत्याच्या मार्गावर चालताना मागे कोण उभे आहे हे पाहण्याची सवड त्यास झाली नाही, असे आम्ही म्हटले तर टिळकांच्या आत्म्यास राग येणार नाही अशी आमची खात्री आहे. त्यांनी स्वतःच या गोष्टीचे पुष्कळ दुःख सोशिले.

पुढची सुमारे पाच वर्षे दोघे ताटातुटीत राहिली. लक्ष्मीबाईंच्या बहिणीने व तिचे यजमान पेंडसे यांनी त्यांस आणि दत्तूस पंढरपुरास आपल्या घरी ठेवून घेतले. ही माणसे दयाळू होती, हे लक्ष्मीबाईंनी कृतज्ञतेने सांगितले आहे, आणि आम्हीही ते वगळू नये. परधर्मातील सर्वच आप्त कठोर व आपण तेवढे प्रेमळ, असा जो एक सूर आमच्या लिहिण्याबोलण्यात येतो तो खरा नव्हे. परंतु घरातली माया वेगळी आणि गावाची रीत वेगळी. नवरा जिवंत असता ती सवाशीण कसली, हा प्रश्न लोकांच्या डोळ्यांत रोज होता. नगराहून टिळकांची पत्रे येत. त्यांत विरहाच्या कविता असत. विरहातच लक्ष्मीबाईंनीही पहिल्याने ओळी जुळविल्या. ज्या बाईस धड लिहिता येत नव्हते तिच्या तोंडून दुःखाने कविता वदविली.

या पाच वर्षांचा विचार करीत असता आमच्या मनात एक गोष्ट आली ती वाचकांपुढे ठेवितो. पतीच्या नात्यागोत्याची मंडळी टिळकांस विसरली होती काय? मुळीच नाही. त्यांचा अपराध त्यांनी क्षणभरही विसरला नाही. पंक्तीस, लग्नकार्यात, मुलाच्या संस्कारांच्या प्रसंगी तो अपराध प्रत्येकाच्या तोंडी होता. ते विसरले होते तो मनुष्य. त्याचे बोलणे, हसणे, त्याची तहानभूक, त्याचा जीव. आमच्यातील ज्या ज्या कुटुंबावर असा प्रसंग आला आहे त्यांस हे चटकन कळेल. माणसाची स्मृती ही अशी उलटी आहे. ती अपराध ठेविते आणि माणूस टाकिते. देवाच्या स्मृतीविषयी संदेष्टा यिर्मया जे सांगतो ते याच्या नेमके उलट आहे: नव्या करारात देव आपल्या लोकांस आपले म्हणून ठेवील, आणि त्यांचे पाप मात्र पुन्हा स्मरणात आणणार नाही. तो माणूस ठेवितो आणि अपराध टाकितो. आई एकादे वेळी तान्ह्या मुलास विसरेल पण मी विसरणार नाही, असे देवाचे बोलणे यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात आहे. तेथेच त्याने आपल्या लोकांची नावनिशाणी आपल्या तळहातांवर कोरिली असल्याचे सांगितले आहे. पंढरपुरातील त्या बाईस हा अध्याय तेव्हा ठाऊक नव्हता. तिचे नाव मात्र त्या हातावर होते.

देव आठवण करितो असे शास्त्र जेव्हा म्हणते तेव्हा, त्यास आधी विसर पडला होता व मग आठवले, असा अर्थ कोणी करू नये. देवाने नोहाची आठवण केली आणि जलाशयावर वारा वाहविला. हन्नेची आठवण केली आणि तिची कूस उजवली. म्हणजे देवाचे आठवणे हे मनातल्या मनात राहत नाही. ते चालून येते, दार ठोठावते, पाणी ओसरविते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते फार हळूहळू, घरगुती रीतीने आले. पत्रे सुरूच राहिली. टिळक भेटीस येऊ लागले. नाशिकास काही काळ वेगळे बिऱ्हाड झाले. शेवटी १८९९ च्या सुमारास त्या मुलास घेऊन पतीजवळ अहमदनगरास राहावयास गेल्या.

गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. आणि येथे टिळकांची थोरवी सांगितली पाहिजे. ज्या पतीने बाप्तिस्म्याच्या वेळी पत्नीस विचारिले नव्हते, त्याने आता तिच्या सोवळ्यास बोट लाविले नाही. धर्माच्या बाबतीत बळजोरी करावयाची नाही, हे त्यांनी पाळिले. एकदा जो विसरला त्यास शहाणपण यावे ते असे. आमच्या उपदेशकबंधूंपैकी काहींस, घरातील धनी आला म्हणजे बायकामुलांची नावे त्याच्यामागोमाग वहीत चढवावयाची घाई होते. त्यांनी नगरातील त्या दोन चुलींचा विचार करावा.

१९०० साली राहुरीस असताना एके रात्री लक्ष्मीबाई जातिभेदाविषयी विचार करीत पडल्या होत्या. पशूंत, पक्ष्यांत देवाने निरनिराळ्या जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात. मग माणसांत त्याने ब्राह्मण कोणता व महार कोणता हे दाखविणारी कोणती खूण ठेविली आहे? त्यांस कोणतीच खूण सापडेना. तेव्हा हा भेद देवाचा नसून माणसांचा आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. कोणा साहेबाचे व्याख्यान नाही, वाद नाही. अंधारात पडल्या पडल्या एका अशिक्षित बाईने आपल्या वडिलांचे सारे घर आतून उतरविले. सकाळ झाली ती नवीन बाईवर. त्याच वर्षी तेथेच त्यांनी व देवदत्ताने बाप्तिस्मा घेतला.

ते दिवस मोठ्या दुष्काळाचे होते. १८९९-१९०० चा तो दुष्काळ दक्षिणेतील खेड्यांस कधी विसरता आला नाही. आईबाप गमावलेली मुले रस्त्यांवर सापडत. टिळकांच्या घरी अशा मुलांस आश्रय मिळे. मुलगी कोणाची, मुलगा कोणत्या जातीचा, हे पुसण्याची सोय नव्हती, कारण कित्येकांस आपल्या बापाचे नावही ठाऊक नसे. जलालपूरच्या घरात बाजारच्या धान्यास पाण्याने धुऊन आत घेतले जाई. त्याच घरची मुलगी आता उवांनी भरलेली, खरजेने फुटलेली डोकी आपल्या हाताने धूत होती. या दोन धुण्यांत जे अंतर आहे तेच ख्रिस्ती धर्माचे अंतर आहे, असे आम्हांस वाटते.

टिळकांच्या पुढील आयुष्याचा वृत्तांत पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून आम्ही तो थोडक्यात सांगतो. नगरच्या धर्मशाळेत, म्हणजे उपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयात, त्यांनी शिकविले; १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली; १९१२ पासून ज्ञानोदयाचा मराठी भाग त्यांच्या हाती होता; १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहास अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरास नेण्यात आल्या.

आणि टिळक जे अर्धे टाकून गेले ते कोणी पुरे केले? १९०९ साली त्यांनी प्रभु येशूचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते. त्या ग्रंथाचे नाव ख्रिस्तायन. दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. इतर कामे आली, नव्या कल्पना आल्या. टिळकांचा स्वभाव वाचकांस आता ठाऊकच आहे. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. वैधव्याची सतरा वर्षे, मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, दूर कराचीपर्यंत जाऊन राहणे, परतून नाशिक. या साऱ्या फिरतीत त्यांनी साठांहून अधिक अध्याय लिहून काढिले. पतीस ज्याचा विसर पडला त्याची आठवण पत्नीने ठेविली, आणि ती केवळ मनात न ठेविता हातांनी पुरी केली.

दुसरे काम याहूनही प्रसिद्ध आहे. देवदत्त टिळक वडिलांच्या चरित्राची साधने जमवीत होते. त्यांनी आईस आठवणी सांगावयास विनविले. त्या सांगत गेल्या आणि त्यातून स्मृतिचित्रे हे पुस्तक झाले. १९३४ पासून ते भागाभागांनी छापून निघाले. मराठी भाषेतील उत्तमोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. इंग्रजीतही ते गेले आहे. शहरांतील हजारो वाचकांनी, ज्यांचा ख्रिस्ती मंडळीशी काडीचा संबंध नाही अशांनी, ते डोक्यावर घेतले. आमच्या कोल्हापूरकडील किती पाळकांच्या घरी ते आहे, हे आम्ही विचारावयास धजत नाही. आमची स्वतःची प्रत धुळीत होती, हे वर कबूल केलेच आहे.

या पुस्तकात बाई काहीही विसरत नाहीत. वडिलांचे सोवळे, सासऱ्यांचा कोप, पतीचे न सांगता निघून जाणे, रिकामी डबेचौकट, मेलेली मुले, पंढरपूरचे दिवस, स्वतःचे हट्ट व फजित्या, सारे तेथे आहे. परंतु वाचकाने शोधून पाहावे, एकाही माणसावर त्यांनी फिर्याद केलेली नाही. पतीच्या विसरभोळेपणाची गोष्ट सांगताना त्या हसतात, आणि वाचकास हसवितात. ते हसू वरवरचे नाही, कारण त्या गोष्टीने त्यांस एके काळी रडविले होते हेही त्याच पानावर दिसते. टिळक त्या पुस्तकात जितके जिवंत आहेत तितके त्यांच्या कोणत्याही स्तुतिपर चरित्रात नाहीत. माणूस सबंध राहिला आहे. अपराध तेवढा दोष म्हणून उरलेला नाही. यिर्मया ज्या स्मृतीविषयी सांगतो तिची छाया मातीच्या माणसाच्या स्मृतीवर पडली म्हणजे ती कशी होते, हे पाहावयाचे असल्यास आम्ही हे पुस्तक दाखवू. मनातील किल्मिष जावे म्हणून सर्व विसरावे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. लक्ष्मीबाईंनी काहीच न विसरता ते जाऊ दिले. ही देणगी बाजारात मिळत नाही. ज्यास आपली स्वतःची क्षमा झाल्याची खात्री आहे त्यासच ती मिळते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्या प्रभूमध्ये निद्रित झाल्या. पती-पत्नी दोघांच्या हातचे ख्रिस्तायन त्यांच्यामागे, १९३८ साली, छापून निघाले.

आता त्या वृद्ध बाईंकडे वळतो, कारण प्रश्न त्यांचा होता. पुस्तक घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्या घरी गेलो. या वेळी दिवस विसरलो नाही. वस्तीवरील आठ-दहा स्त्रिया कामावरून येऊन हातपाय धुऊन ओसरीवर बसल्या आणि आम्ही वाचावयास आरंभ केला. सोवळ्याचा भाग आला तेव्हा त्या इतक्या हसल्या की पोरे गोळा झाली. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी वाचन होते. मागील गुरुवारी टिळकांच्या बाप्तिस्म्याची वार्ता येऊन पोहोचते तो भाग आला. ओसरी अगदी शांत झाली. बाईंनी आम्हांस थांबविले आणि त्या वेळी दत्तू केवढा होता असे विचारिले. चौथे सरले नव्हते, असे आम्ही सांगितले. त्यांनी मान हलविली. आपला भाचा त्या वेळी तेवढाच होता, आपल्या कडेवर असे, आणि त्याचे नाव अमुक, असे त्यांनी हळूच सांगितले. हे नाव त्यांच्या तोंडून वस्तीत आजवर कोणी ऐकिले नव्हते. आज तो कोठे आहे हे त्यांस ठाऊक नाही. त्या रात्रीच्या प्रार्थनेत ते नाव घेण्यास त्यांनी आम्हांस सांगितले, आणि आम्ही ते घेतले. पुढच्या गुरुवारी पंढरपूरचा भाग लागेल.